डबीच्या झाकणाचा आवाज

अनुभव लिहायला माणूस निदान निवृत्त झालेला असावा, असं मला वाटायचं. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि नोकरीला लागून सातच वर्षं झाली आहेत. शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी ऐकून ऐकून बोलायला शिकले, लिहिली फारशी नाही. हा मजकूर मी तीनदा हाताने लिहून काढला आणि मग टाइप केला, त्यामुळे एखादी वेलांटी चुकली असेल तर ती विचारपूर्वक चुकलेली आहे.

मी डेटाबेस सांभाळते. आई ओळख करून देताना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते आणि ते लोकांना पुरतं. इथे थोडं जास्त सांगावं लागेल, कारण पुढे जे घडलं ते त्याशिवाय कळणार नाही.

डेटाबेस म्हणजे नोंदींचं कपाट. पूर्वी प्रत्येक कंपनीत एसी लावलेल्या खोलीत एक मोठं यंत्र असे आणि कपाट त्यात असे. आता आम्ही क्लाउडवर जागा घेतो. तिथे पुष्कळ यंत्रांचा एक समूह असतो, त्याला क्लस्टर म्हणतात, आणि त्याची देखभाल क्लाउडवालेच करतात. आमचा डेटाबेस त्यातल्या कुठल्या तरी यंत्रावर, कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालतो. यंत्र बिघडलं किंवा बदलायचं असलं की क्लस्टर तो डबा बंद करतो आणि दुसऱ्या यंत्रावर तसाच नवा उभा करतो. आपल्याला कोणी विचारत नाही. नव्या डब्याला जुनंच नाव मिळतं. तो उठतो, आपली डिस्क शोधतो, तिला जोडून घेतो आणि मध्ये काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागतो. डबे येतात आणि जातात. आठवण सगळी डिस्कमध्ये असते.

हे मी पहिल्यांदा मराठीतून समजावून सांगितलं ते सोहनी काकांना. नारायण पेठेत एक वाचन केंद्र आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे लोक पुस्तकं मोठ्याने वाचतात, ती ध्वनिमुद्रित होतात आणि ऐकणारा घरून फोन लावून ऐकतो. काका त्या केंद्राचं कार्यालय सांभाळतात. केंद्राचा डेटाबेस आमच्या कंपनीकडे आला आणि आमच्याकडून माझ्याकडे आला, कारण तो लहान होता आणि बाकी कोणाला नको होता.

"म्हणजे आमची पुस्तकं नक्की कुठे असणार?" काकांनी विचारलं.

"क्लाउडवर, काका."

"ते कळलं. पत्ता काय?"

"तसा एक पत्ता नसतो. आज या यंत्रावर, उद्या दुसऱ्या."

"म्हणजे भाडेकरू. बरं. आणि तुम्ही कोण? घरमालक?"

"मी सांभाळते फक्त."

"मग सांभाळा. तेवढंच म्हणणं आहे."

त्याच दिवशी मी निर्मलाताईंना पहिल्यांदा भेटले. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे आतून गोधड्या ठोकलेली, एका बाजूला काच असलेली एक अरुंद खोली होती, बाहेरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये म्हणून. मी तिथल्या कॉम्प्युटरवर आमचा नवा प्रोग्राम घालत होते आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एका मुलींच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालेल्या, बारीक, इस्त्रीच्या सुती साडीतल्या. बोलण्याचा आवाज साधाच होता. वाचायला बसल्या की तोच आवाज अर्धी पायरी खाली उतरायचा आणि मग हलायचा नाही. त्या अभिनय करत नसत. फक्त वाक्याला जेवढा वेळ लागतो तेवढा देत. एवढ्यानेच समोरचा माणूस बोलायचा थांबतो, हे मला तेव्हा कळलं.

वाचन छोट्या भागांत होतं. एक भाग मनासारखा झाला नाही तर पुन्हा वाचायचा, आणि जो चांगला झाला त्याच्यासमोर पडद्यावर खूण करायची. निर्मलाताई ती खूण करायच्या आणि बक्षीस म्हणून पत्र्याच्या डबीतून खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकायच्या. बिघडलेल्या भागाला खडा नाही. हा नियम त्यांनी स्वतःला लावला होता आणि कडक पाळला होता.

"तू वाच की एक पान," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या.

"नाही, माझं मराठी..."

"ऐकतेय मी. मघाशी 'वेल लागेल' म्हणालीस. वेळ. जीभ मागे वळव. वेल मांडवावर चढते."

मी हसले आणि म्हणाले, "नंतर वाचेन."

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी महिन्यातून एकदा तिथे जात होते. खरं तर बहुतेक कामं मला वारज्याच्या घरी बसूनही करता आली असती. ऑफिसात मी जायची वेळ लिहायचे आणि कारण लिहायचे नाही. निर्मलाताई वाचत असल्या तर मी काचेबाहेरच्या स्टुलावर बसायचे, लॅपटॉप उघडा ठेवून, काम करते आहे असं दिसेल अशी. त्या अधूनमधून विचारायच्या, "आज?" मी म्हणायचे, "नंतर." मला लहानपणी कोणी मराठी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. घरात सगळ्यांनी माझ्याशी इंग्रजी बोलायचा नेम केला होता, माझ्या भल्यासाठी, आणि माझं भलं झालंही. पण त्या स्टुलावर बसलं की काहीतरी माझ्या वाट्याला यायचं राहून गेलं आहे असं वाटायचं. ते काय, हे सांगता आलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

मग निर्मलाताईंच्या घशाचं निघालं. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. "खालची तार काढायची म्हणतात," एवढंच म्हणाल्या. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

त्या वेळी त्या एका खेडेगावातल्या शिक्षिकेच्या आठवणींचं जाडं पुस्तक वाचत होत्या. ते पुस्तक रोज ऐकणारे एक ढमाले काका होते. वारज्याच्याच जुन्या शेतकरी घरातले, स्वारगेटच्या डेपोत गाड्यांच्या सूचना माइकवरून देण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने दृष्टी. नवा भाग यायला उशीर झाला की ते केंद्रात फोन करायचे. मी तिथे असले की सोहनी काका तो माझ्या हातात द्यायचे.

"मास्तरीणबाई गावाकडं परत गेल्या का न्हाई, तेवढं सांगा," ढमाले काका म्हणायचे.

"मी वाचलेलं नाही हो ते."

"मग तुम्ही तितं करता काय?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची गोष्ट. निर्मलाताई नेहमी दुपारी वाचत. सकाळी अकराच्या सुमाराला ऐकणारेही कमी असतात, म्हणून मी ऑफिसात बसून डेटाबेसच्या नव्या आवृत्तीची चाचणी घेत होते. चाचणीसाठी वेगळा क्लस्टर असतो, खऱ्यासारखाच. नावंही तीच, रंगही तोच. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी होत्या, एक चाचणीची आणि एक खऱ्या क्लस्टरची.

चाचणी झाली. मी चाचणीची डिस्क पुसायचा हुकूम दिला. डिस्क थेट पुसत नाहीत, डिस्कसाठी केलेला एक मागणी-अर्ज असतो, तो रद्द करायचा. अर्ज रद्द झाल्यावर डिस्क ठेवायची की नष्ट करायची हे एका शब्दावर ठरतं, आणि आपण तो शब्द बदलला नाही तर तो 'नष्ट' असतो. मी तो बदलला नव्हता. नंतर बदलणार होते.

अर्ज रद्द होईना. 'वापरात आहे' असं दाखवत क्लस्टर अडून बसला. ही त्याच्यात मुद्दाम ठेवलेली सोय आहे. डबा डिस्क वापरत असेल तोवर ती हातची जाऊ नये म्हणून. मला वाटलं, चाचणीचं काहीतरी अडकलंय. मी स्वतःच्या हाताने डबा बंद केला आणि त्याची अडचण दूर केली.

क्लस्टरने आपलं काम चोख केलं. जुनी डिस्क नष्ट केली. त्याच नावाचा नवा डबा उभा केला. त्याला नवी कोरी डिस्क दिली. पडद्यावर हिरवा दिवा लागला, सगळं ठीक आहे. मी चहा आणायला उठले.

परत आले तर फोन वाजत होता. सोहनी काका.

"तुमचं ते वाचनालय आज अगदी स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "एकही पुस्तक नाही. झाडलोट केलीत का?"

मी उजवीकडची खिडकी बघितली, मग डावीकडची, जिच्यात मी हुकूम दिले होते. ती चाचणीची नव्हती.

बॅकअप होता, पहाटेचा. तो मी चढवला आणि दोन वाजेपर्यंत पुस्तकं परत आली. पहाटेनंतर झालेले बदल क्षणोक्षणी वेगळे नोंदवून ठेवण्याची सोय असते. मोठ्या ग्राहकांना ती आम्ही लावतोच. वाचन केंद्राला लावायची माझ्या यादीत होती, कित्येक महिने.

"किती नोंदी गेल्या?" आमच्या सरांनी विचारलं.

"एकतीस."

"एकतीसच ना? मग ठीक आहे. अहवाल लिहून टाक."

मी काकांना फोन करून सांगितलं की आज सकाळचं काम तेवढं गेलं.

"आज सकाळी निर्मलाताई आल्या होत्या," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आठ वाजता. दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं ना. शेवटचं प्रकरण पुरं करून गेल्या. आत्ता त्या दाखल झाल्यात. त्यांना यातलं काही सांगायचं नाही, कळलं?"

"हो."

"आणि ते परत मिळवायचं."

आवाज गेला नव्हता. ध्वनिमुद्रणं डेटाबेसमध्ये नसतात, दुसऱ्या एका कोठारात असतात, आकडे-अक्षरांच्या लांबलचक निरर्थक नावांनी. कुठला आवाज कोणाचा, कुठल्या पानाचा, चांगला झालेला कुठला, हे डेटाबेसला माहीत असतं. ते आता कोणालाच माहीत नव्हतं. आणि ज्या आवाजाची नोंद नाही तो कचरा समजून सात दिवसांनी आपोआप पुसला जातो. हा नियमही मीच लिहिला होता. तो मी सगळ्यात आधी थांबवला. त्या दिवशी मी धड केलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून नारायण पेठेत गेले. काकांनी मला ते पुस्तक दिलं आणि गोधड्यांच्या खोलीत बसवलं. जेवायच्या वेळी डबा आणून ठेवला आणि म्हणाले, "हा डबा तरी बंद करू नका. आत भाजी आहे."

एकतीस आवाजांपैकी आठ दुसऱ्या वाचकांचे निघाले. तेवीस निर्मलाताईंचे होते. पुस्तकाशी ताडून बघितलं तर भाग नऊ. म्हणजे त्यांना खोकला येत होता आणि त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या. कुठला ठेवायचा हे त्यांनी पडद्यावर खूण करून सांगितलं होतं, आणि ती खूण मी पुसली होती.

मला देवनागरी छापील वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचत होते, कानात त्या वाचत होत्या. कुठे एखादा शब्द घसरलेला, कुठे श्वास अडकलेला, पण पुष्कळदा दोन्ही वाचनं मला सारखीच चांगली वाटायची. मी कोण ठरवणार? दुपारपर्यंत मी काहीच ठरवलं नाही.

मग ऐकू आलं. एका भागाच्या शेवटी, वाचन संपल्यावर, पत्र्याचा बारीक आवाज. टक्. डबीचं झाकण. त्याच भागाचं आधीचं वाचन लावलं. शेवटचा शब्द आणि लगेच शांतता. बटण दाबून बंद. त्यांनी खडा तोंडात टाकला होता तो मनासारखं झाल्यावरच, आणि बटण दाबायच्या आधी. जुनी पुस्तकं लावून बघितली, त्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणातही तेच. ऐकणाऱ्यांसाठी शेवट कापून टाकतात, म्हणून हे कधी कोणाच्या कानावर पडलं नव्हतं.

मी प्रत्येक भागाच्या शेवटाला जाऊन झाकणाची वाट बघू लागले. आठ भागांचा निकाल असा लागला. नवव्या, म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या भागाची तीन वाचनं होती आणि एकाच्याही शेवटी झाकण वाजलं नाही.

आणि एक आवाज उरला होता जो त्या पुस्तकातला नव्हताच. अडीच मिनिटांचा. पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकरण पहिलं. निर्मलाताईंनी पुढच्या पुस्तकाला सुरुवात केली होती. ते त्यांना पुरं करता येणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं. दीड पान झालं आणि 'पहाटे नदीकाठी ही शीळ ऐकली की' एवढ्यावर त्या थांबल्या. खोकला नव्हता, काही नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रस्त्यावरचा हॉर्न, म्हणजे त्यांनी दार उघडलं. मग नंतर कोणीतरी बटण दाबलं.

तो मी त्या दिवशी किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

ऑपरेशननंतर बारा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. हातात वही आणि पेन्सिल. मी सगळं सांगितलं. दोन खिडक्या, अर्ज, डबा, सगळं. काकांनी सांगू नका म्हटलं होतं ते ऑपरेशनपुरतं, असं मी धरलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, "मग सापडलं कसं?"

"झाकणावरून," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मग त्या हसल्या. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला वहीकडे बघावं लागलं.

शेवटच्या भागाची तिन्ही वाचनं मी त्यांना कानात लावून दिली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. स्वतःचा आवाज त्या तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकत होत्या, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तिन्ही संपल्यावर त्यांनी लिहिलं, "तिसरं. खडीसाखर संपली होती."

मी म्हणाले, "आणि ते पक्ष्यांचं? ते पुसू का ठेवू?"

त्यांनी वही जवळ ओढली. मग फक्त दोन शब्द लिहिले, त्यातला पहिला माझाच, "नंतर कधी?"

त्याच आठवड्यात शेवटचं प्रकरण लागलं. ढमाले काकांचा फोन आला. "गेल्या की हो गावाला बाई परत," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं." मग म्हणाले, "ताईंना म्हणावं, पुढचं लावा."

शनिवारी मी पक्ष्यांचं पुस्तक घेऊन खोलीत जाऊन बसले. काकांनी बाहेरून काचेवर टकटक केलं आणि हातानेच सांगितलं, सुरू करा. रीत अशी आहे की वाक्य अर्धवट राहिलं असेल तर ते पहिल्यापासून वाचायचं. मला ते जमेना. त्यांनी वाचलेले शब्द मी पुन्हा कसे वाचणार? मी पुढच्या शब्दापासून सुरुवात केली. माझं पहिलं पान अकरा वेळा वाचलं. घरून खडीसाखर आणली होती, पण डबी उघडायची वेळ काही आली नाही.

नोंद करायला गेले तेव्हा डेटाबेसने नकार दिला. एका पुस्तकाला एकच वाचक, असा तक्ता होता. मीच बनवलेला. तेव्हा दुसरं काही सुचलंच नव्हतं. मी तक्ता बदलला. आधी चाचणीच्या क्लस्टरवर, मग खऱ्यावर, आणि मध्ये दोन्ही खिडक्यांची नावं मोठ्याने वाचली. आता त्या पुस्तकापुढे दोन वाचक आहेत. निर्मलाताईंचं नाव वर आहे.

त्या कधीकधी केंद्रात येतात. त्या काचेबाहेरच्या स्टुलावर बसतात आणि मी आत. माझा 'ळ' घसरला की काचेवर पेन्सिल वाजते. मी तो भाग पुन्हा वाचते. ढमाले काकांनी फोन करून सांगितलं, "मधीच आवाज बदलला. नवीन पोरगी हाय का? कच्ची हाय, पर वाचू द्या तिला." क्षणोक्षणीचे बदल नोंदवायची सोय मी केंद्राला लावली आहे, आणि तो एक शब्द 'नष्ट'वरून 'ठेवा' असा केला आहे. अहवालात मी या दोन गोष्टी लिहिल्या. बाकीचं लिहायला त्यात रकाना नव्हता.

ऐकणारा जिथे थांबतो ती जागा डेटाबेस लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या फोनला तिथूनच सुरू होतं. ऐकणाऱ्यांच्या यादीत मी माझंही नाव घातलं आहे. ऑफिसला जाताना बसमध्ये मी फोन लावते आणि पक्ष्यांचं पुस्तक ऐकते. 'शीळ ऐकली की' इथपर्यंत आलं की, माझा आवाज सुरू व्हायच्या आत, मी पुन्हा सुरुवातीला जाते. एवढे महिने झाले, पुस्तक मी जवळजवळ वाचून संपवलं, पण त्या तक्त्यात माझ्या नावापुढची खूण अजून पहिल्या प्रकरणातच आहे, अडीच मिनिटांच्या अलीकडे.